मुलगा-सून ऑफिसात गेले की न्यूयॉर्क तुमचंच

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आता बरेच आई-बाबा, काका-काकू पोरांकडे अमेरिकेला जातात. त्यातले पुष्कळसे न्यू जर्सीत नाहीतर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये उतरतात आणि मग सोमवार ते शुक्रवार घरात बसून खिडकीतून पार्किंग बघत बसतात. शनिवारी मुलगा गाडीतून टाइम्स स्क्वेअर दाखवणार, चार फोटो, की परत. असं करू नका. न्यूयॉर्क हे अमेरिकेतलं असं शहर आहे जिथे गाडी नसलेल्या माणसाचं काही अडत नाही, उलट गाडीवाल्याचंच पार्किंगवाचून अडतं. आणि इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं हो, तिथल्या टॅक्सीवाल्यापासून फळवाल्यापर्यंत कितीतरी जणांचं तसंच असतं. "वांगडा कोण नाय" (सोबत कुणी नाही) ही सबब सोडली की झालं.

आधी निघण्याचं. पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्या हळू चालतात, आणि हायवेचं काय ते तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचायचंच, त्याच दिवशी सकाळची गाडी पकडून रात्रीचं विमान हा जुगार नको. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि मधल्या एअरपोर्टवर गेट शोधत पळावं लागत नाही, त्यात लाज कसली. अबुधाबीवरून जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, म्हणून मधला वेळ भरपूर असलेलं तिकीट घ्या.

आता बॅग, म्हणजे खरा प्रॉब्लेम इथेच. आपण जाताना अर्धं गाव भरून नेतो. ताजी फळं, रोपं, बियाणं चालत नाही, हापूसची पेटी तर अजिबात नाही (अमेरिकेत २००७ पासून भारतातला आंबा जातो पण तो विकिरण केलेला, रीतसर व्यापाऱ्यामार्फत, आपल्या बॅगेतून नाही). कढीपत्ता चालत नाही, हे बऱ्याच जणींना खरं वाटत नाही. तांदूळपण चालत नाही, आपल्याकडच्या धान्यात खापरा नावाचा भुंगा असतो त्याची त्यांना धास्ती आहे, म्हणून उकडे तांदूळ घरीच ठेवा, तिथल्या इंडियन दुकानात उकडा तांदूळ मिळतो. मटण-चिकनचं काहीही नको. मालवणी मसाला, भाजलेले काजू, सुके सोडे, सुका बांगडा याला सहसा अडवत नाहीत, पण विचारलं की खाण्याचं सामान आहे म्हणून सरळ सांगायचं. सांगितलेली वस्तू नको असली तर ते काढून टाकतात, बात खतम. लपवलेली सापडली तर दंड, तो पहिल्याच वेळी शेकडो डॉलरमध्ये जाऊ शकतो. तिथे बॅगा हुंगत फिरणारी बीगल कुत्री असतात, आणि आपला सुका बांगडा त्यांना काय, तुमच्या शेजाऱ्यालाही कळतो, त्यामुळे दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधा. मिक्सर नेऊ नका, तिकडे वीज ११०-१२० व्होल्टची, आपला मिक्सर नीट फिरायचाच नाही. खोबरं खवलेलं फ्रोझन मिळतं. विळी न्यायचीच असेल तर मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत कदापि नाही.

इमिग्रेशनचा ऑफिसर विचारतो तेवढंच उत्तर द्या. कुणाकडे, किती दिवस, कशाला. जे खरं आहे तेच थोडक्यात, गोष्ट सांगत बसू नका. मुलाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईलच्या भरवशावर नको. बाहेर आल्यावर "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्यांकडे बघायचंपण नाही, पिवळ्या टॅक्सीची अधिकृत रांग असते तिथेच उभं राहायचं. जेएफके एअरपोर्टवरून मॅनहॅटनला, म्हणजे शहराच्या मधल्या मुख्य भागात, मीटर नाही, ठरलेलं भाडं असतं, सत्तर डॉलर, वर टोल, काही सरचार्ज आणि टिप.

घरात पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळून घ्या नाहीतर घोळ होतो. एक म्हणजे बाथरूम. टबाच्या बाहेर जमिनीला बहुतेक ठिकाणी मोरी नसते, पाणी सांडलं तर ते खालच्या माणसाच्या छतातून उतरतं. आंघोळ टबात, पडदा टबाच्या आत. दुसरं म्हणजे स्मोक अलार्म. बांगडा तळायला घेतला की तो असा कोकलतो की वाटतं सुनामी आली. आधी खिडकी उघडा, चुलीवरचा एक्झॉस्ट फुल करा, स्वयंपाकघराबाहेरचं दार बंद ठेवा म्हणजे बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये धूर जात नाही. अलार्मला फडकं बांधू नका, कितीही मोह झाला तरी.

आता बाहेर पडायचं. पहिले दोन-चार दिवस झोपेचं खोबरं झालेलं असतं, वेळेत साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक आहे, त्यामुळे दुपारी झोपू नका, उन्हात चाला. चालताना लक्षात ठेवा की गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, पन्नास-साठ वर्षांची सवय मोडायला वेळ लागतो. सायकलवाल्यांची वेगळी लेन असते, त्यात उभं राहून फोटो काढाल तर शिव्या खाल, आणि हल्ली त्या इलेक्ट्रिक सायकली आवाज न करता येतात.

मॅनहॅटनमध्ये हरवणं अवघड आहे. १८११ साली त्यांनी पट्टी घेऊन आखल्यासारखे रस्ते आखले, आडवे ते स्ट्रीट, उभे ते ॲव्हेन्यू, दोघांना नंबर. स्ट्रीटचा नंबर वाढतोय म्हणजे तुम्ही उत्तरेला चाललात, त्याला अपटाउन म्हणायचं, कमी होतोय म्हणजे डाउनटाउन. साधारण वीस स्ट्रीट चाललात की एक मैल. फिफ्थ ॲव्हेन्यूच्या एका बाजूला ईस्ट, दुसऱ्या बाजूला वेस्ट, म्हणून पत्ता विचारताना ईस्ट की वेस्ट हे विचारायचंच, नाहीतर त्याच नंबरच्या रस्त्यावर उलट टोकाला जाल. ब्रॉडवे मात्र तिरका जातो, त्याचं कुणाशी पटत नाही. चौदाव्या स्ट्रीटच्या खाली गेलात की नंबर हळूहळू संपतात, नावं सुरू होतात, तिथे मॅप लागतो.

सबवे, म्हणजे तिथली मेट्रो, चोवीस तास चालते. तिकीट साधारण तीन डॉलर, कितीही लांब जा. आता जुनं मेट्रोकार्ड विसरा, गेटवर बँकेचं कार्ड किंवा ओमनी कार्ड (तिथलं प्रवासाचं टॅप कार्ड) टेकवायचं, हिरवं दिसलं की आत. सात दिवसांत एका ठरावीक रकमेपर्यंत पैसे कापले की त्यापुढचे प्रवास फुकट होतात, पण ते एकाच कार्डावर एकाच माणसाला, म्हणून नवरा-बायकोने दोन वेगळी कार्डं ठेवा. आपलं फॉरेक्स कार्ड चालतं, फक्त ते टॅप होणारं हवं, आणि भारतातलं कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करून मगच विमानात बसा. इकडचं सिमपण रोमिंग चालू करून ठेवा, कारण ओटीपी त्याच्यावरच येणार. जर्सी सिटीतून येणाऱ्यांची पाथ ट्रेन वेगळी, तिचं भाडं वेगळं, तिचे पैसे सबवेच्या हिशोबात धरत नाहीत.

स्टेशनात शिरण्याआधी वरचा बोर्ड वाचा. काही स्टेशनांत अपटाउनचा जिना रस्त्याच्या एका बाजूला आणि डाउनटाउनचा दुसऱ्या बाजूला असतो, आत गेल्यावर पलीकडे जाता येत नाही, परत पैसे भरावे लागतात. एकाच प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या अक्षरांच्या गाड्या येतात, रंग बघून चढू नका, अक्षर किंवा नंबर बघा. लोकल सगळीकडे थांबते, एक्स्प्रेस तुमचं स्टेशन हसत हसत सोडून जाते. गच्च भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात धावत चढू नका, लोकांनी तो कशासाठी तरी सोडलाय, एसी बंद असेल किंवा वास असेल. आणि शनिवार-रविवारी दुरुस्त्यांमुळे गाड्यांचे मार्ग बदलतात, म्हणून पण म्हणतो, सोमवार ते शुक्रवार हिंडा. सकाळी दहानंतर निघायचं, चारच्या आत परतीला लागायचं, गर्दी लागत नाही.

पहिली सफर कुठली म्हणाल तर स्टेटन आयलंडची फेरी. नारिंगी मोठी बोट, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून व्हाइटहॉल टर्मिनलहून सुटते, साधारण पंचवीस मिनिटं, आणि १९९७ पासून पूर्ण फुकट. बाहेर जॅकेट घालून उभे असलेले लोक तिकीट विकायला बघतात, त्यांना नमस्कार करून पुढे व्हायचं. जाताना उजव्या बाजूला उभे राहा, स्वातंत्र्यदेवता तिकडून दिसते. पलीकडे सगळ्यांना उतरावं लागतं, उतरून पुढच्या बोटीने परत. खाडीत तरीतून जाणाऱ्या आपल्या लोकांना यात बोट म्हणून विशेष काही वाटणार नाही, पण मॅनहॅटनच्या बिल्डिंगी मागे सरताना बघायला मजा येते. पुतळ्याच्या बेटावर उतरायचंच असेल तर त्याची कंपनी वेगळी, तिकीट आधी काढायचं, आणि जर्सीवाल्यांनी मॅनहॅटनला न जाता लिबर्टी स्टेट पार्कमधून बोट घ्यावी. ब्रुकलिन ब्रिजपण फुकट, १८८३ चा आहे, ब्रुकलिनच्या बाजूने चालत मॅनहॅटनकडे या म्हणजे सगळा देखावा समोर राहतो. टाइम्स स्क्वेअर एकदा बघा आणि सोडा. तिथे बाहुल्यांचे ड्रेस घातलेले लोक स्वतःहून फोटोत येतात आणि मग पैसे मागतात.

मासे. तुम्ही विचारणार माहितीय. मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये ग्रँड स्ट्रीटच्या आसपास आणि क्वीन्सला फ्लशिंगमध्ये मेन स्ट्रीटवर अख्खा मासा डोक्यासकट मिळतो, जिवंत कुर्ल्यापण. बोट दाखवलं की खवले काढून, पोट साफ करून देतात. क्रोकर म्हणून जो मिळतो तो आपल्या घोळीच्या कुळातला, कालवणाला चांगला. मॅकेरल म्हणून जो मिळतो तो बांगड्याचा लांबचा नातेवाईक, तेलकट जास्त, तिरफळं घातलीत तरी चव आपली येत नाही, माझं तरी तसं मत. पापलेट, सुरमई फ्रोझन हवी तर जॅक्सन हाइट्सला जा, ७४ वा स्ट्रीट, सेव्हन, ई, एफ, एम, आर एवढ्या गाड्या तिथे थांबतात, देशी आणि बांगलादेशी दुकानं ओळीने आहेत. संकष्टी नाहीतर सोमवार असला की फ्लशिंगचं गणपती मंदिर, १९७७ चं, खाली कॅन्टीनमध्ये डोसा छान मिळतो. सेव्हन ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनवरून चालत जाता येतं.

बऱ्याच वस्तूंवर किंमत लिहिलेली असते त्याच्यावर टॅक्स काउंटरला लागतो, शहरात ८.८७५ टक्के, म्हणून दहाची नोट काढून दहाची वस्तू मिळत नाही. बसून जेवलात तर १८-२० टक्के टिप द्यावीच लागते, बिलात आधीच धरलीय का ते बघा. काउंटरवर कॉफी घेतली आणि स्क्रीन टिप विचारायला लागली तर "नो टिप" दाबा, कोणी काही म्हणत नाही. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांकडून येतं, उत्तम आहे. बाटली जवळ हवीच, कारण संडासात तिकडे पाण्याची सोय नाही, नुसता कागद. आणि संडास कुठे हा खरा प्रश्न, तर ब्रायंट पार्क, ग्रँड सेंट्रल स्टेशन, फेरीचं टर्मिनल, सार्वजनिक लायब्ऱ्या, मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स. दिसला की जाऊन यायचं, पुढे मिळेलच असं नाही.

दुखण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स भारतातूनच काढा आणि बीपी, शुगर आधीपासून असेल तर ते कव्हर होतं का ते वाचून काढा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, पूर्ण मुक्कामाच्या, आणि हातातल्या बॅगेत. तिकडे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाहीत. ताप, खोकला, पाय मुरगळला तर अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात तिथे जा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचं बिल ऐकूनच छातीत कळ यायची. पण खरंच छातीत दुखत असेल तर बिलाचा विचार न करता ९११, तिकडचा इमर्जन्सीचा नंबर, लावा. पॉलिसीचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मोबाईलची बॅटरी भराभर उतरते.