व्हायकिंग किट घ्यायला मार्केटला जाताय? आधी या चुका टाळा

इंग्लंडमधे रीएनॅक्टमेंट, म्हणजे जुन्या काळातले कपडे आणि हत्यारं वापरून तो काळ लोकांसमोर उभा करायचा छंद, सुरू करायचं ठरवून जे पहिल्यांदा त्यासाठीच्या सामानाच्या मार्केटला जातात त्यातले खूप जण तलवार घेऊन घरी येतात. मग ती तलवार महिनोन्‌महिने कपाटामागे पडून राहते, कारण शोमधे नुसतं उभं राहायलासुद्धा लागतात ते कपडे आणि बूट, आणि तेच घेतलेले नसतात. शिवाय बहुतेक ग्रुप ट्रेनिंग झाल्याशिवाय तुम्हाला लढायला उतरवतच नाहीत. त्यामुळे क्रम साधा ठेवा, आधी लिनन आणि लोकर, मग बूट, मग पट्टा, छोटी सुरी, वाडगा, चमचा, आणि हत्यार सगळ्यात शेवटी. तोपर्यंत ग्रुपमधलं कोणीतरी भाला नाहीतर ढाल वापरायला देतंच.

दुसरी चूक म्हणजे "व्हायकिंग" एवढंच डोक्यात ठेवून जाणं. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावरचा व्हायकिंगांचा हल्ला ७९३ चा आणि स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई १०६६ ची, म्हणजे पावणेतीनशे वर्षं झाली, आणि त्यात डब्लिनपासून कीव्हपर्यंतची माणसं. कव्हेंट्रीजवळ वसंतात आणि शरदात भरणारं मोठं मार्केट असो की यॉर्कला फेब्रुवारीत योर्विक या व्हायकिंग फेस्टिव्हलच्या वेळचे स्टॉल असोत, समोर रोमनांपासून पुढच्या कित्येक शतकांचा माल मांडलेला असतो, आणि तिथे गेल्यावर ठरवू म्हटलं की अंगावर स्वीडनमधल्या बिर्काचं बकल, पायात मध्ययुगीन बूट आणि डोक्यात नॉर्मन हेल्मेट असा प्रकार होतो. निघायच्या आधीच एक माणूस पक्का करा: कुठला, साधारण कुठल्या दशकातला, शेतकरी की व्यापारी, श्रीमंत की गरीब. "द व्हायकिंग्ज" १९७१ पासून आहे, "रेगिया अँग्लोरम" १९८६ पासून, अशा जुन्या ग्रुपांचे किटचे स्वतःचे नियम आहेत. ते वाचून, जमलं तर ग्रुपमधल्या जुन्या माणसाला सोबत घेऊनच जा.

आणि स्टॉलवर एक प्रश्न न लाजता विचारायचा, "हे कुठल्या सापडलेल्या वस्तूवरून केलंय?" चांगला कारागीर खूश होतो, जागा सांगतो, कधीकधी फोटोही दाखवतो. जो नुसता "हे व्हायकिंग स्टाइल आहे" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. शिंगांचं हेल्मेट अर्थातच नाही, ती कल्पना १८७६ च्या जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नरच्या ऑपेरातल्या पोशाखांमुळे डोक्यात बसलीय. चामड्याची रुंद मनगटपट्टी, खांद्यावरची फरची झूल, वीतभर रुंदीचा पट्टा, हे सगळं टीव्हीचं आहे. त्या काळातले पट्टे अरुंद असायचे, दोनेक सेंटीमीटरचे.

याच्या उलटीही एक चूक आहे आणि ती अभ्यासू माणसं करतात. स्वीडनमधे हेल्गो बेटावर उत्खननात भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून गेलेली ब्राँझची छोटी बुद्धमूर्ती सापडली हे खरंय, आणि मराठी माणसाला ते वाचून आनंद होणारच, मलाही झाला. पण एक मूर्ती सापडली म्हणून प्रत्येक तंबूत बुद्ध ठेवायचा नसतो. जे ढिगाने सापडतं ते आधी घ्या, मण्यांच्या माळा, शिंगाचे कंगवे, साध्या पिना.

आता कापड, कारण खरे पैसे इथेच जातात. लेबलवर "वूल" लिहिलेलं असतं आणि निम्मं पॉलिएस्टर निघतं. शेकोटीची ठिणगी उडाली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. विक्रेत्याकडून दोन धागे मागून घ्या आणि हॉलच्या बाहेर जाऊन जाळून बघा: लोकर जळक्या केसांचा वास देते आणि ज्योत काढली की विझते, लिनन कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. सुती घेऊ नका, त्या काळात तिकडच्या साध्या माणसाच्या अंगावर सुती नसायचं. विणीत साधी वीण किंवा ट्विल (तिरप्या रेघांची वीण) चालते, डायमंड ट्विल (त्याच विणीत चौकटींची नक्षी) सुंदर पण महाग, आणि गरीब शेतकऱ्याचं पात्र असेल तर ती अंगावर शोभत नाही.

रंगांचं म्हणाल तर सगळं किट मळकट तपकिरी घ्यायचं ही समजूत सोडा. यॉर्कला कॉपरगेट रस्त्यावर १९७६ ते १९८१ मधे खोदकाम झालं, तिथे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरचा लाल आणि वोड या वनस्पतीचा निळा असे रंग मिळालेत, आणि वोडमधलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. लाल, पिवळा, निळा बिनधास्त घाला. गडद काळा मात्र टाळा, तो रंगवणं अवघड होतं. ट्युनिकला, म्हणजे वरून घालायच्या लांब सदऱ्याला, दीडशे सेंटीमीटर पन्ह्याचं साधारण अडीच-तीन मीटर कापड लागतं, आणि लिनन आटतं, तेव्हा जास्तीचं घ्या आणि कापायच्या आधी एकदा धुवा. हे न केल्यामुळे बाह्या आखूड झालेले ट्युनिक प्रत्येक कॅम्पवर दिसतात.

बूट घेताना जाड मोजे घालून जा आणि घालून चालून बघा, उभ्याउभ्या नाही. हे बूट उलटे शिवून सुलटे करतात, टाच नसते, तळ पातळ, त्यामुळे ओल्या गवतावर घसरतात. खाली रबरी तळ लावून मिळतो, पण आधी ग्रुपला विचारा.

कड्यांच्या चिलखतात लोक सगळ्यात जास्त फसतात. स्वस्तातल्या कड्या नुसत्या वाकवून जुळवलेल्या असतात, त्या वजनाने आणि फटक्याने उघडत जातात आणि दर शोनंतर गवतात सांडतात. रिव्हेट केलेल्या, म्हणजे टोकं बारीक खिळ्याने पक्की जोडलेल्या घ्या. इथली बरीच चिलखतं मेरठ-डेहराडूनकडे बनलेली असतात, म्हणून आपल्यापैकी काही जण म्हणतात भारतात गेल्यावर घेऊन येऊ. पण दहा किलोच्या वर वजन बॅगेत आणायचं आणि काखेत बसलं नाही तर परत कुठे करणार? खाली पॅडिंगचं जाकीट घालून, हात वर करून, खाली वाकून इथेच ट्राय करा.

हेल्मेट घेताना आतल्या टोपीसकट डोक्याचं माप घ्या. पत्र्याचा गेज विचारा आणि लक्षात ठेवा की आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी, १६ म्हणजे १.६.

तलवार घ्यायचीच झाली तर भिंतीवर लावायची स्टेनलेसची नको. मुठीत तिचा बारीक दांडा नुसता वेल्ड केलेला असतो, तो तुटला की पातं उडून कोणाला लागेल सांगता येत नाही. स्प्रिंग स्टीलची, बोथट धार आणि गोल टोकाची घ्या. ब्रिटनमधे १८ वर्षांखालच्यांना विकत नाहीत, आणि सबळ कारणाशिवाय बाहेर पातं बाळगणं गुन्हा आहे, म्हणून नीट गुंडाळून डिकीत ठेवून न्या, कमरेला लटकवून ट्रेनमधे चढू नका. भारतात न्यायचा विचार असेल तर ९ इंचांपेक्षा लांब पात्याला १९५९ चा आर्म्स कायदा आडवा येऊ शकतो, आधी चौकशी करा.

चूक होऊन गेली असेल तर बरंच सुधारता येतं. लोकर टोचत असेल तर खाली लिननचा सदरा घाला. ट्युनिक काखेत घट्ट होत असेल तर शिवण उसवून चौकोनी तुकडा जोडा, त्या काळात तसंच करायचे. हेल्मेट डुगडुगत असेल तर आत लोकरीचे थर वाढवा. चिलखताचं वजन खांद्यावर येत असेल तर कमरेला पट्टा घट्ट बांधून थोडं वर ओढून सोडा, वजन कमरेवर उतरतं. बूट भिजले तर शेकोटीजवळ अजिबात नको, चामडं कडक होऊन तडकतं, आत कागद कोंबून सावलीत वाळवा आणि मग ग्रीस चोळा. पिण्याच्या शिंगात गरम काही ओतू नका. आणि पॉलिएस्टरचा झगा घेऊन बसला असाल तर तो शेकोटीपासून लांब, फक्त घरच्या कार्यक्रमाला वापरा, पुढच्या मार्केटला तीन मीटर लोकर घ्या आणि ग्रुपमधल्या शिवणाऱ्या मंडळींकडे बसून स्वतःच शिवा, ती मंडळी शिकवायला नाही म्हणत नाहीत.