‘मला मशिनवर ठेवू नका’ एवढंच लिहून ठेवताय? या चुका टाळा

आत्याच्या डायरीत तिच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘मला मशिनवर ठेवू नका.’ तिला न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस व्हेंटिलेटर दिला तर कदाचित बऱ्या होऊन घरी जातील. लावायचा का? ती ओळ हातात धरून आम्ही भाचरं गप्प उभी होतो. तिला विचारायची वेळ निघून गेली होती.

आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच कागदावर लिहून ठेवताना होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. यंत्राचं नाव लिहिलं जातं, परिस्थिती राहून जाते. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातली नळी कधी थोड्या दिवसांचा आधार असतात, तर कधी नुसतं मरण लांबवतात. म्हणून असं लिहा: ‘बरी होण्याची शक्यता असेल तर ठरावीक दिवस व्हेंटिलेटर लावून पाहा. सुधारणा नसेल आणि मी पुन्हा माणसं ओळखेन अशी आशा उरली नसेल, तर काढा.’ कुणाला अंथरुणाला खिळणं चालतं, पण भान हरपणं नको असतं. कुणाचं नेमकं उलट. हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

सीपीआरबद्दल वेगळं लिहा. बंद पडलेलं हृदय छाती दाबून सुरू करण्याचा हा प्रयत्न. त्यात अनेकदा बरगड्या मोडतात आणि आजाराच्या अखेरच्या टप्प्यात तो क्वचितच साधतो. पण ‘सीपीआर नको’ म्हणजे ‘उपचार नकोत’ नव्हे. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं हवीत, हेही स्पष्ट लिहा. घरच्यांना ते वाचून फार धीर येतो.

तुमच्या वतीने निर्णय सांगायला माणूस, म्हणजे प्रतिनिधी, नेमताना वय किंवा मान पाहू नका. स्वतःचं मन मोडत असतानाही जो तुमचंच म्हणणं डॉक्टरांना सांगेल, तो निवडा. त्याला आधी विचारा. तो ऐनवेळी पोचला नाही तर कोण, तेही लिहा.

ही इच्छा मृत्युपत्रात घालू नका, ते उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. लॉकरही नको. सह्या-साक्षीदार तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे घ्या, प्रती प्रतिनिधीला आणि डॉक्टरांना द्या. मोठं आजारपण निघालं की कागद पुन्हा वाचा, बदललात तर जुन्या प्रती मागवून फाडा.

कागद आधीच तयार असेल, तर आजच तो प्रतिनिधीला वाचायला द्या आणि विचारा, ‘उद्या मला न्यूमोनिया झाला तर डॉक्टरांना काय सांगशील?’ तो जिथे अडखळेल, ती ओळ पुन्हा लिहा.