कोकण ट्रिपला निघताय? निदान या चुका तरी टाळा

दापोलीकडे आमचा छोटा होमस्टे आहे. सीझनमध्ये दर शनिवारी तेच प्रश्न आणि तेच घोळ बघून वैताग आलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

पहिली चूक, नुसते किलोमीटर बघून प्लॅन करणं. "काका, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे दोन दिवसांत कव्हर होईल ना?" अरे, कव्हर करायला तो दहावीचा पोर्शन आहे का? नकाशात किनारा सरळ दिसतो, पण मध्ये खाड्या आहेत. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. तिथं गाडी फेरीबोटीत घालूनच पलीकडे जायचं, नाहीतर खाडीला वळसा. बोट थोड्याच वेळात पलीकडे नेते, खरा वेळ जातो तो रांगेत, मे महिन्यात नि लाँग वीकेंडला तुमच्यासमोर बोट भरून निघून जाते आणि तुम्ही उन्हात एसी लावून बसता. रात्री फेरी बंद. दाभोळला शेवटची बोट चुकली तर समोर पलीकडच्या काठावर धोपाव्याचे दिवे दिसत असतात आणि तुम्ही परत दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला, म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर, अंधारात, वळणांचा रस्ता. मी स्वतः किनाऱ्याच्या रस्त्याला तासाला तीस किलोमीटरच धरतो, वर प्रत्येक खाडीला एक तास वेगळा, आणि दिवसाला एकच खाडी. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर चढायचं, लगेच खाली माडांच्या वाडीत उतरायचं, परत चढायचं, असाच रस्ता आहे इथला, कोणी कितीही भारी गाडी आणली तरी.

आता माझी लाडकी चूक. बीचवर गाडी घालणं.

मागे एक ग्रुप आला होता, नवी कोरी पांढरी एसयूव्ही. ते निघतानाच मी बोललो की पुळणीवर गाडी नेऊ नका, तर म्हणे "काका, फोर बाय फोर आहे, काही होत नाही." पाचच्या सुमाराला फोन आला, काका जरा या. जाऊन बघतो तर गाडी ओल्या वाळूत उभी, फोटोसाठी थांबवली होती. ओली वाळू चालत्या गाडीला कडक लागते, थांबलात की चाक खाली बसायला लागतं. त्यात यांनी रेस देऊन देऊन चाकं अजून खाली घातलेली, गाडीचं पोट वाळूला टेकलेलं. त्या दिवशी त्रयोदशी. आमच्याकडे कोळी लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ येते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे रात्रीचे पावणेदहा. म्हणजे पाणी वर यायला लागलं होतं आणि भरती मधल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जोरात चढते.

ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्याने पहिलं विचारलं, गाडी ओढायचा हूक कुठाय? कोणालाच माहीत नाही! बंपरवर जे छोटं चौकोनी झाकण असतं ना, त्यात तो हूक फिरवून बसवायचा असतो, आणि तो असतो डिकीत जॅकपाशी, सगळ्या बॅगांच्या खाली. बॅगा वाळूत काढल्या, तोवर लाटा मागच्या चाकाला लागलेल्या. मग चाकांतली अर्धी हवा सोडली, हातांनी वाळू उकरली, पुढे माडाच्या झावळ्या टाकल्या आणि दोर लावून ओढली तेव्हा कुठे निघाली. तेवढ्यात एक जण रील काढत होता, त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. खारं पाणी लागलंच होतं, त्याच रात्री गोड्या पाण्याने खालून धुवा म्हटलं, तर सकाळी बघू म्हणून झोपले.

गाडी रस्त्यावर लावा आणि चालत जा, दोनशे पावलं असतात.

बाकीच्या पटापट. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहायला जाऊ नका, धोक्याची पाटी शोभेला लावलेली नाही, आणि दारू पिऊन तर कुठल्याच पाण्यात नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा जुलैत ताजी सुरमई कोणी देत असेल तर ती बर्फातली आहे. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीही बंद. मालवणला रेल्वे स्टेशन नाही, कुडाळ किंवा कणकवलीला उतरा. कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं बघायला भर दुपारी सड्यावर जाऊ नका, एक तर झाडाची सावली नाही, दुसरं म्हणजे ऊन डोक्यावर असताना रेषा नीट दिसतच नाहीत, सकाळी तिरप्या उन्हात कसं सगळं चित्र उठून येतं. हापूस हायवेवर नको, बागायतदाराकडून घ्या, आणि मार्चमध्ये स्वस्त मागू नका. यूपीआयच्या भरवशावर राहू नका, खाली वाडीत रेंज नसते, पाचशेच्या नोटांसोबत सुट्टे पण ठेवा.

आणि जेवणाचं सकाळीच सांगा. इथं घरगुती खानावळीत माणसं मोजून मासे आणतात. दीड वाजता फोन करून "आठ जण आहोत, सुरमई थाळी" म्हणालात तर डाळ-भात मिळेल, तोही उरला असेल तर. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच बोला.