गुन्ह्यांवर संशोधन करायचंय? आधी फिर्याद वाचायला शिका

क्रिमिनॉलॉजी म्हटलं की नव्या मुलांच्या डोळ्यांसमोर सीरियल किलर येतो. ठाणे शहरात घरफोड्यांच्या नोंदींवर काम करताना माझा बहुतेक वेळ मात्र एकाच रकान्यात गेला: गुन्हा घडल्याची वेळ.

घोडबंदर रोडवर राहणारं जोडपं सकाळी नऊला कामावर जातं, संध्याकाळी सहाला परततं, तर कडीकोयंडा तुटलेला. फिर्यादीत '०९.०० ते १८.०० च्या दरम्यान' एवढंच येणार. चोर कधी आला ते त्यांना तरी कुठून कळणार? अशा वेळी मधली वेळ धरून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलंत तर नकाशावर सगळे चोर दुपारी दीडलाच येतात! त्यापेक्षा तो गुन्हा नऊ तासांत वाटायचा, प्रत्येक तासाला एक नवमांश. अशा पुष्कळ नोंदींची तासवार बेरीज केली की खरा जोर कोणत्या वेळेवर आहे ते दिसायला लागतं, आणि गस्तीवरच्या बीट मार्शलला कधी फिरवायचं यावर बोलता येतं.

नवी मुंबईचा गुन्ह्यांचा दर काढताना छेद, म्हणजे लोकसंख्या, जपून घ्या. पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे वापरताना हेही धरा की एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील, तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा येतो.

वाचनात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा १९७२-७३ चा प्रयोग येईलच: नेहमीची गाडीतली गस्त वाढवली किंवा बंद केली, तरी गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. माझ्या मते आपल्याकडच्या विद्यार्थ्याने राजस्थान पोलिसांबरोबर झालेला प्रयोग त्याआधी वाचावा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीची नाकाबंदी एकाच जागी न ठेवता फिरती ठेवली, तर रात्रीचे अपघात १७ टक्के आणि मृत्यू २५ टक्के घटले. ठरलेल्या जागेची नाकाबंदी लोक आडरस्त्याने चुकवतात. तीन हात नाक्यावर पोलीस उभे आहेत हे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच कळतं, तेव्हा हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

शिक्षणासाठी देवनारचं टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) जवळ आहे. एक्सेल पक्कं करा, फिर्यादीचं मराठी सरावाने जमतं. पोलीस ठाण्यात जाताना परवानगीचं पत्र न्या, आणि दहीहंडी किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात ठाणे अंमलदाराकडे वेळ मागू नका.