छोट्या देशाचा ऑलिंपिक इतिहास वहीत कसा उतरवायचा

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. भित्तिपत्रकासाठी मुलांना एकेक छोटा देश नेमून देतो. सुरुवात करायला माझा आवडता देश सान मारिनो. चहूबाजूंनी इटली, क्षेत्रफळ जेमतेम ६१ चौरस किलोमीटर, वस्ती चौतीस हजारांच्या घरात.

आधी पदकतालिका बाजूला ठेवा. या देशाचं पहिलं ऑलिंपिक १९६० चं, रोमचं. पहिलं पदक २०२१ मध्ये. तालिकेत बघाल तर मधली साठ वर्षं कोरीच दिसतील. म्हणून वहीत चार रकाने आखा: वर्ष, खेळाडू, प्रकार, क्रमांक. १९६४ ला संघ गेलाच नव्हता, तेही लिहा.

मग चौथे क्रमांक शोधा. खरा इतिहास तिथेच सापडतो. लंडन २०१२, महिलांची ट्रॅप नेमबाजी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या. अलेसांद्रा पेरिली, स्लोव्हाकियाची झुझाना स्तेफेचेकोव्हा आणि फ्रान्सची देल्फिन रेओ, तिघींचे ९३ गुण. रौप्य आणि कांस्य ठरवायला शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा फेरी झाली. पेरिलीची तबकडी हुकली आणि देशाचं पहिलं पदक गेलं. आता टोकियोचा निकाल शेजारी ठेवा. २९ जुलै २०२१, तोच प्रकार, सुवर्ण त्याच स्तेफेचेकोव्हाला आणि कांस्य पेरिलीला! दोनच दिवसांनी जान मार्को बेर्तीसोबत मिश्र ट्रॅपमध्ये रौप्य. अंतिम फेरीत स्पेन ४१, सान मारिनो ४०. हे दोन निकाल एकाच पानावर यायलाच हवेत, मुलांना नऊ वर्षांची मेहनत दिसते.

आपल्या माणसांशी कुठे गाठ पडली तेही पाहा. टोकियोत ८६ किलो फ्रीस्टाईलच्या कांस्यपदकाच्या कुस्तीत दीपक पुनिया शेवटच्या काही सेकंदांपर्यंत २-१ ने पुढे होता. समोरच्या माइल्स अमीनने पट काढून दोन गुण घेतले. भारताने दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि त्याचा एक गुण अमीनला मिळाला. निकाल ४-२. आपल्याकडे दीपकची हळहळ झाली, पण ते सान मारिनोचं तिसरं पदक होतं, आणि टोकियोत त्यांचे खेळाडू होते अवघे पाच. अमीन वाढला अमेरिकेत, मिशिगनमध्ये. सान मारिनोशी नातं आईकडून. छोट्या देशांच्या संघात असे खेळाडू बरेचदा भेटतात, तेव्हा नावापुढे जन्मगावही लिहा.

ऑलिंपिकवर थांबू नका. युरोपातल्या छोट्या राष्ट्रांच्या वेगळ्या क्रीडास्पर्धा असतात. पहिली १९८५ मध्ये सान मारिनोतच झाली. माल्टा, आइसलँड, मोनॅको, लक्झेंबर्ग असे देश तिथे एकमेकांशी खेळतात. त्यासाठी स्वतंत्र पान ठेवा.

पॅरिस २०२४ मध्ये सान मारिनोला पदक नाही. तो रकाना रिकामा सोडू नका, जे खेळले त्यांची नावं आणि क्रमांक भरा.