वणव्यानंतरचा पहिला पाऊस: बोडी, विहीर आणि शेतात या चुका टाळा

मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून झुडपं जाळतात, पेरणीआधी धुरे (शेताचे बांध) पेटवतात. वारा फिरला की तीच आग जंगलात शिरते. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) उन्हाळाभर हे चालूच असतं. आग विझली की विषय संपला असं आपण धरून चालतो. जळलेल्या पाचोळ्यावर जिवाणू-बुरशींचं काम मात्र पहिल्या पावसाला जोर धरतं, आणि त्यात आपण नेमका चुकीच्या वेळी हात घालतो.

बोडीत काळं पाणी आलं की चुना टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे. आमची बोडी, म्हणजे लहान तळं, जंगलाच्या उताराखाली आहे. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नाल्यातून काळं पाणी उतरलं. पाणी बिघडलं की चुना मारायचा, हे लहानपणापासून बघितलेलं, म्हणून दोन पोती फेकली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रोहू आणि कटला काठाला पोट वर करून पडले होते.

राखेत पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार असतात, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) आधीच चढलेला असतो. राखेबरोबर अमोनियमही येतं. सामू बेताचा असेल तर त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. सामू वाढला की मात्र त्याचा अमोनिया होतो आणि तो कल्ल्यांना भाजतो. माझ्या चुन्याने तेच घडवलं.

दुसरा मार जिवाणूंकडून बसतो. अर्धवट भाजलेल्या पानांतून साधी आम्लं आणि साखरेसारखे पदार्थ पाण्यात विरघळतात. जिवाणू ते काही दिवसांत फस्त करतात आणि त्या नादात पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. रात्री शेवाळही प्राणवायूच घेतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो आणि मासे तोंड वर काढून धापा टाकतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये २०११ च्या लास कोंचास वणव्यानंतर राखेचं पाणी रिओ ग्रांदे नदीत उतरलं, तेव्हा तिथेही प्राणवायू असाच खाली गेला होता. एवढ्या मोठ्या वाहत्या नदीची ही गत, तर आपल्या बोडीचं काय!

म्हणून आधी कागदाच्या पट्टीने सामू बघा. ८.५ च्या वर असेल तर चुन्याला हात लावू नका. माशांचं खाद्य आणि शेण टाकणं थांबवा. मोटर लावून बोडीचंच पाणी उंचावरून परत बोडीत पाडा, तेही मध्यरात्रीपासून ऊन निघेपर्यंत. दुपारी मोटर चालवून फारसा उपयोग नाही. आणि जमत असेल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी आत न घेता बाजूने काढून द्या.

विहिरीत दुप्पट टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतणं

काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला काळा गाळ बसलेला दिसेल. वरचं पाणी नितळ असलं तर बरं. ते फिक्क्या चहासारखं दिसत असेल तर जळक्या पाचोळ्याचा अर्क त्यात विरघळलेला आहे. हा अर्क क्लोरीन खाऊन टाकतो, शिवाय त्यातून क्लोरोफॉर्मसारखी नको ती संयुगं तयार होतात. म्हणजे जंतू राहतात आणि वर नवी घाण पडते. आधी विहीर उपसा, गाळ काढा, पाणी तुरटीने निवळू द्या आणि मग टीसीएल टाका. अर्ध्या तासाने ओटी चाचणी (रंगावरून क्लोरीन दाखवणारी) करा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. जलसुरक्षकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: पाणीच पिवळसर असेल तर ओटीचा रंग फसवतो. शेजारी ओटी न घातलेली दुसरी नळी धरूनच रंग ताडून बघा.

पाणी एकदाच तपासणं

आगीच्या धगीने अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात. ते सावरायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या पावसानंतरचा नायट्रेटचा अहवाल चांगला येतो आणि आपण निश्चिंत होतो. जिवाणू सावरले की नायट्रेट बनू लागतं. अमोनियम मातीला धरून राहतं, नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं. म्हणून पोळ्याच्या सुमारास दुसरा नमुना जरूर द्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल तर ही तपासणी टाळूच नका. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं.

राखेला खत समजणं

जाळण्यात नत्र बहुतेक हवेत उडून जातं. मागे पालाश, चुना आणि थोडं स्फुरद उरतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत राखेचा थर दिला की सामू आणखी वाढतो आणि जस्त, लोह पिकाला मिळेनासं होतं. धानाच्या बांधीत माती आम्लधर्मी असेल तर थोडी राख चालते, पण आधी माती परीक्षण करा.

काळं ते कुजेल अशी वाट पाहणं

पाचोळा एक-दोन पावसाळ्यांत मातीला मिळतो, कोळसा मिळत नाही. जळताना कार्बनची कडी कडीत घट्ट अडकते. ती उघडणारी विकरं (एन्झाइम) थोड्याच जिवाणू-बुरशींकडे असतात, आणि तेही कडेकडेने कुरतडतात. कोळशाचे तुकडे दशकानुदशकं, कधी शतकानुशतकंही मातीत टिकतात. त्यात नुकसान काही नाही, उलट ओल धरली जाते. फक्त पऱ्हाटीचा ताजा कोळसा थेट पिकात टाकू नका, तो पिकाचं नत्र स्वतःकडे ओढून धरतो. दीड-दोन महिने शेणखतात मुरवा, मग टाका.

जळक्या जमिनीवर किंवा खोडावर केशरी बुरशी दिसली तर बुरशीनाशक फवारू नका. न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीचे बीजाणू धगीनेच जागे होतात. मातीवर पायरोनेमा येते. ती कोळशातला कार्बनसुद्धा वापरू शकते.

जळलेली जमीन लगेच वखरणं

आधी राख बाजूला सारून खालच्या मातीवर पाण्याचा थेंब टाका. तो आळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहिला, तर जळालेल्या पानांचं मेण मातीच्या कणांवर बसलं आहे. अशा उतारावर वखर फिरवला की सैल माती पहिल्याच पावसात बोडीत जाते. बाटलीतले जिवाणू विकत आणायचीही गरज नाही. दोन-चार बोटं खालची माती बहुधा तापलेलीच नसते आणि तिथले जिवाणू शाबूत असतात. उताराला आडव्या झुडपाच्या फांद्या टाका, मधल्या जागेत न जळलेला पाचोळा पसरा आणि त्या भागात निदान एक पावसाळा ढोरं सोडू नका.