भरिताच्या दिवसांत गच्चीवर ‘द रेल्वे चिल्ड्रन’

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेल्यांनी हा इंग्रजी चित्रपट नातवंडांसोबत पुन्हा बघायचा तर डिसेंबर-जानेवारी गाठावा. सहाच्या आगेमागे सूर्य मावळतो. साडेसहाला लावला तर 1 तास 49 मिनिटांचा खेळ जेवणाआधी आटोपतो. मे महिन्यात अंधार पडेतो पोरं पेंगतात, शिवाय गच्चीची फरशी रात्रीही चटके देते.

आधी प्रत तपासा. हवी ती 1970 ची, लायनेल जेफ्रीज दिग्दर्शित. 2000 सालच्या टीव्ही आवृत्तीतही अभिनेत्री जेनी अगटर आहे, पण तिथे ती आई आहे; 1970 मध्ये थोरली मुलगी बॉबी. नाव एकच असल्यामुळे भलतीच प्रत गळ्यात पडते. डीव्हीडीला विभागाचं (रीजनचं) कुलूप असतं: इंग्लंडची डीव्हीडी रीजन 2 ची, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे, त्यामुळे ती बहुधा चालतच नाही.

पडदा 8 फूट रुंद, साडेचार फूट उंच. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) 1.5 असेल तर तो 12 फुटांवर ठेवा. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो नि चित्र फिकं पडतं. चादर दुहेरी करा, खालच्या काठात बांबू घाला, नाहीतर वाऱ्याने ती फुगते. चुन्याची भिंत असेल तर चादरीची गरजच नाही. ऑइलपेंटची मात्र चमकते. स्पीकर वायरनेच जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. आणि भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजणार असाल तर चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा, नाहीतर सगळा धूर प्रोजेक्टरच्या झोतात.

पोरं कंटाळतात ती पहिल्या वीस मिनिटांत, इंग्रजी उच्चारांमुळे. सुरुवातीलाच एवढं सांगून टाका: नाताळात दोन माणसं येऊन वडिलांना घेऊन जातात, घरात पैशांची ओढाताण होते, आई तिन्ही मुलांना यॉर्कशायरच्या खेड्यात आणते. वडील कुठे आहेत ते मात्र अजिबात फोडू नका. बॉबीला जुन्या वर्तमानपत्रातून कळतं तेव्हाच प्रेक्षकांनाही कळावं. दरड कोसळते आणि मुली लाल परकर फाडून झेंड्या करतात, तिथे थांबवू नका. गाडी उभी राहिल्यावर थांबवा, आजोबांना लाल झेंडीचे नियम सांगू द्या, आणि पोरांना बजावा की आपल्याकडे रुळांवर उतरणं गुन्हा आहे.

मोठ्यांनी नीट बघावा तो स्टेशनवरच्या पर्क्सचा वाढदिवस. मुलं गावभर फिरून भेटी गोळा करतात आणि हा पोर्टर भडकतो: आम्हाला भीक नको. लहानपणी तो नुसता खडूस वाटतो. नट बर्नार्ड क्रिबिन्सने त्याचा राग कसा चढवला आणि कोणी काय म्हणून दिलं हे ऐकताना कसा उतरवला, ते आता दिसतं. इथे दोन मिनिटं थांबून पोरांना विचारा, तो का चिडला?

शेवटी फलाटावरची वाफ विरली की लोक उठायला लागतात. उठू देऊ नका. श्रेयनामावलीत सजवलेल्या गाडीपुढे सगळे कलाकार आपल्याकडे बघून हात हलवतात. तोवर दिवा लावू नका. नंतर प्रोजेक्टर बटणाने बंद करा, आतला पंखा थांबल्याशिवाय प्लग उपटू नका. गरम दिवा तसाच विझला तर लवकर जातो.